गुडघ्याच्या अंशतः सांधेबदलाचे दीर्घकालीन फलित

गुडघा हा एकच सांधा होय असे आपण व्यवहारात मानतो. शरीररचनेच्या दृष्टीने मात्र त्यात तीन कप्पे आहेत : आतील, बाहेरील आणि वाटीमागील. झिजेच्या संधिवातात बहुधा आतील कप्प्यातील कूर्चा प्रथम झिजते व पाय धनुष्याकृती होऊ लागतो. बाकीचे दोन कप्पे आणि मधले अस्थिबंध जोवर शाबूत आहेत, तोवर संपूर्ण सांधा काढून टाकण्याचे कारण काय, या प्रश्नातून अंशतः सांधेबदलाचा जन्म झाला. ऑक्सफर्ड येथील शल्यविशारद जॉन गुडफेलो व अभियंता जॉन ओ'कॉनर यांनी १९७४ साली धातूच्या दोन भागांमध्ये मोकळी सरकणारी पॉलिथिलीनची चकती कल्पिली. १९८२ पासून ही योजना केवळ एका कप्प्यासाठी वापरली जाऊ लागली.

असा सांधा किती वर्षे टिकतो? या प्रश्नाची प्रसिद्ध झालेली उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत, आणि विषयाचे खरे मर्म या विसंगतीतच आहे. स्वीडनमधील एका मालिकेत वीस वर्षांनंतर सुमारे ९१ टक्के सांधे टिकून असल्याचे आढळले. उलट, राष्ट्रीय नोंदवह्यांच्या आधारे २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या संकलनात पंचवीस वर्षे टिकणाऱ्या अंशतः बदललेल्या सांध्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्के, तर संपूर्ण बदललेल्यांचे ८२ टक्के दिले आहे. इंग्लंड व वेल्स येथील एक लाखाहून अधिक जुळविलेल्या रुग्णांच्या २०१४ मधील अभ्यासातही आठ वर्षांत पुनर्शस्त्रक्रियेचा संभव अंशतः बदलात दुपटीहून किंचित अधिक दिसला. मात्र त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांतील मृत्यूचा धोका संपूर्ण बदलाच्या तुलनेने जेमतेम एक-चतुर्थांश होता. पहिला आकडा सर्वत्र उद्धृत होतो. दुसरा तितकासा होत नाही.

शिवाय 'पुनर्शस्त्रक्रिया' हे अपयशाचे निखळ माप नव्हे. न्यूझीलंडच्या नोंदवहीत ज्यांचे गुण अत्यंत कमी होते अशा रुग्णांपैकी अंशतः बदल झालेल्या सुमारे ६३ टक्क्यांचा सांधा पुन्हा बदलण्यात आला. संपूर्ण बदल झालेल्यांत हेच प्रमाण सुमारे १२ टक्के होते. दुःख सारखेच, परंतु अंशतः बदललेला सांधा संपूर्ण करणे सोपे असल्याने शल्यविशारदाचा हात लवकर उचलला जातो. त्यात अनुभवाचाही भाग आहे : ही शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्यांच्या हातून अपयश अधिक येते. ब्रिटनमध्ये ५२८ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून झालेल्या प्रयोगात पाच वर्षांनंतर दोन्ही गटांचे गुण ४८ पैकी ३८ व ३७, म्हणजे जवळजवळ समान आले. खर्च मात्र अंशतः बदलात कमी झाला.

आता हे सर्व रत्नागिरीस लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हे प्रमाण राज्यात सर्वाधिक. कारण उघड आहे : पुरुष मुंबईस, घर व शेत स्त्रियांच्या माथी. गुडघ्याची झीजही स्त्रियांतच अधिक. भातलावणीचे वाकणे, विळीवर बसणे, जांभ्याच्या पायऱ्या उतरून विहिरीवर जाणे, हे ज्या गुडघ्याला करावयाचे, त्याला अस्थिबंध राखणारी आणि अधिक वाकू देणारी शस्त्रक्रिया विशेष उपकारक ठरावी. पण तीच मांडी आणि तोच उकिडवेपणा सरकत्या चकतीला तिच्या जागेवरून निसटवू शकतो. आशियाई रुग्णांत ही आपत्ती पाश्चात्त्यांपेक्षा अधिक आढळते, व अतिवाकणे हे तिचे एक कारण मानले जाते. यास्तव स्थिर चकतीचा विचार येथे करणे अगत्याचे आहे.

दुसरी अडचण संख्याशास्त्रीय आहे. मुलगा मुंबईत म्हणून आईची शस्त्रक्रिया मुंबईत व्हावयाची, आणि ती नांदावयाची खेड्यात. दोन वर्षांनी ती तपासणीस जाईनाशी होते. टिकाऊपणाच्या गणितात अशा रुग्णाची नोंद शेवटच्या भेटीशी थांबते व पुढे तिचे इतरांसारखेच झाले असे गृहीत धरले जाते. जी दुखण्यामुळेच प्रवास करू शकत नाही, तिच्याबाबत हे गृहीत सर्वथा लटके आहे. भारतातील सांधेबदलाची नोंदवही ऐच्छिक असल्याने ही उणीव तिच्यातून भरून निघण्याजोगी नाही. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, तालुकावार, घरी जाऊन वा दूरध्वनीवरून वार्षिक विचारपूस करणे हा विद्यार्थ्यांना झेपण्याजोगा प्रकल्प आहे.

त्यासाठी प्रश्नावलीही येथली हवी. ऑक्सफर्ड गुणपद्धतीच्या बारा प्रश्नांत टेबलावर जेवून झाल्यावर खुर्चीवरून उठताना किती दुखते, असा एक प्रश्न आहे. कोकणातल्या वृद्धेला तो विचारून काय हाती लागणार? तिला विचारावयाचे ते हे की, पाटावरून हात न टेकता उठता येते काय, विळीवर किती वेळ बसवते, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून उतरताना गुडघ्याचा भरवसा वाटतो काय.