समुद्र गमावलेलं शहर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शनिवारी सकाळी ब्रसेल्सहून गाडी पकडायची, तासाभरात ब्रूजला उतरायचं, रात्री तिथंच मुक्काम करायचा आणि रविवारी संध्याकाळी परतायचं. मुलाने आखलेला बेत एवढाच होता. तो तिकडे नोकरीला आहे आणि आम्ही नवरा-बायको महिनाभरासाठी त्याच्याकडे गेलो होतो. 'अब्बा, तिथं बघायची यादी करू नका. नुसतं फिरायचं,' असं त्याने आधीच बजावलं होतं. मला हे पटलं. यादी घेऊन फिरणारा माणूस घरी परततो तेव्हा त्याच्याकडे यादीच शिल्लक असते.

ब्रूज हे फ्रेंचांनी रूढ केलेलं नाव. तिथली माणसं फ्लेमिश बोलतात, म्हणजे डच भाषेचं तिकडचं रूप. नावातला 'ग' घशातून घासून काढायचा. उर्दूतल्या 'ग़रीब'मधल्या 'ग़'च्या जवळचा हा उच्चार मला पहिल्या फटक्यात जमला, तेव्हा मुलगाही चकित झाला.

स्टेशनातून बाहेर पडलो तर बारीक पाऊस. आपल्याकडे श्रावणात पडतो तसा, पण गार. दहा मिनिटं चाललं की तळं लागतं, तळ्यात हंस आणि पलीकडे विटांच्या भिंती, उतरती छपरं. शहराभोवती आणि शहरातून कालवे फिरतात. होड्यांतून अर्ध्या तासाची फेरी मारून आणतात. नावाडी एकच वाक्य तीन-चार भाषांत सांगतो आणि प्रत्येक भाषेत विनोद तोच करतो. एका वळणावर कालव्याला काटकोन येतो, घरं पाण्यातून उगवल्यासारखी दिसतात आणि सगळे कॅमेरे एकाच वेळी वर होतात. त्या घाटाच्या नावाचा अर्थ 'जपमाळांचा घाट'. तिथं पूर्वी माळा विकत असत. बायकोच्या पर्समध्ये तिची तसबीह होती. तिने ती काढून हातात धरली आणि फेरी संपेपर्यंत ठेवलीच नाही.

इतकं सुंदर, इतकं जुनं शहर जसंच्या तसं कसं राहिलं, हा प्रश्न होडीत बसल्याबसल्याच मनात आला होता. उत्तर थोडं विचित्र आहे. ते राहिलं, कारण ते बुडालं. पाण्यात नव्हे, व्यापारात.

आज समुद्र ब्रूजपासून पंधराएक किलोमीटर दूर आहे. ११३४ साली मोठं वादळ झालं, समुद्र किनारा फोडून आत घुसला आणि एक खोल खाडी तयार झाली. तिचं नाव झ्वीन. खाडीच्या टोकाला डामे नावाचं बंदर उभं राहिलं. मोठी जहाजं तिथवर येत आणि पुढे छोट्या होड्यांतून माल कालव्याने शहरात जाई. इंग्लंडची लोकर इथं यायची, तिचं कापड इथं विणलं जायचं. १२७७ मध्ये इटलीतल्या जेनोवाची व्यापारी जहाजं स्पेनला वळसा घालून इथं पोचली. मग व्हेनिसचे व्यापारी आले, फ्लॉरेन्सचे आले, जर्मन व्यापाऱ्यांची वखार पडली. आपल्या मलबारची मिरी अरबांच्या गलबतांतून, इजिप्त ओलांडून, व्हेनिसमार्गे या गावच्या बाजारात तोलली जाई.

एका चौकात जुन्या काळी फान डर बुर्से नावाच्या कुटुंबाची खाणावळवजा सराई होती. परदेशी व्यापारी तिथं उतरत. तिच्यासमोर हुंड्यांचे, पैशांचे व्यवहार होत. त्या घराच्या नावावरून बाजारालाच 'बोर्स' म्हणू लागले, असं मानतात. हा शब्द पुढे युरोपभर पसरला. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 'भारत डायमंड बोर्स' आहे, त्याच्या पाटीवरचा शब्द हाच. त्या घरासमोर आता सायकली लावलेल्या होत्या.

मग ही भरभराट गेली कुठे? सगळी पर्यटनपुस्तकं एका शब्दात उत्तर देतात: गाळ. खाडी गाळाने भरली, जहाजं येईनात, शहर मेलं. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मी खाडीकाठचा माणूस आहे. आमच्या गावच्या धक्क्याला आजोबांच्या लहानपणी मचवे लागत. मी पाहिला तो धक्का ओहोटीला चिखलात उभा असलेला. गाळाला दोष देणं सोपं असतं, कारण गाळ उलटून बोलत नाही. पण गाळ उपसता येतो. उपसायला पैसा आणि इच्छा लागते, आणि व्यापार दुसरीकडे गेला की दोन्ही आटतात.

ब्रूजचंही तसंच झालं. १४८८ मध्ये इथल्या नागरिकांनी मॅक्सिमिलियन या हाब्सबर्ग राजपुत्राला काही महिने डांबून ठेवलं आणि त्याचा विश्वासू पीटर लांखाल्स याचा शिरच्छेद केला. सुटल्यावर मॅक्सिमिलियनने सूड घेतला. परदेशी व्यापाऱ्यांना त्याने सांगितलं, ब्रूज सोडा, अँटवर्पला चला. (लांखाल्स या नावाचा ध्वनी 'लांब मान'सारखा आहे. म्हणून राजाने शहराला कायम लांब मानेचे हंस पाळण्याची शिक्षा दिली, अशी दंतकथा तिथं सांगतात. अशी शिक्षा मिळणार असेल तर आणखी काही शहरांनी गुन्हा करायला हरकत नाही.) दहा वर्षांनी, १४९८ मध्ये, वास्को द गामा कालिकतला पोचला आणि मिरीची वाटच बदलली. १५०१ मध्ये पोर्तुगीजांचं मिरीने भरलेलं जहाज आलं ते अँटवर्पला. म्हणजे या शहराच्या उतरणीचा एक धागा आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतो. गाळ होताच. राजाची मर्जीही गेली आणि मिरीही गेली.

त्यानंतर तीनशे-साडेतीनशे वर्षं ब्रूज गरीब होतं. गरिबाला जुनं घर पाडून नवं बांधणं परवडत नाही. कारखाने आले ते दुसऱ्या शहरांत, धुरांडी उभी राहिली ती दुसरीकडे. १८९२ मध्ये जॉर्ज रोडेनबाख या लेखकाने या शहरावर फ्रेंच भाषेत कादंबरी लिहिली. तिच्या नावातच शहराला 'मृत' म्हटलेलं आहे. कादंबरी गाजली, आणि ते मेलेलं शहर पाहायला माणसांची रीघ लागली. गावकऱ्यांना मात्र राग आला. साहजिक आहे. आपण घरात बसलेलो असताना कोणी बाहेर आपल्या मयताला येऊन उभं राहिलं तर कसं वाटेल? त्यांना नवं बंदर हवं होतं, आणि समुद्रावर त्यांनी ते करूनही दाखवलं. झेब्रूज हे बंदर १९०७ साली सुरू झालं. २०२२ मध्ये त्याचं एकत्रीकरण झालं ते अँटवर्पच्या बंदराशी, म्हणजे जुन्या वैऱ्याशीच.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तिथं जुनं दिसतं ते सगळं जुनं नाही. मुख्य चौकातली एक भव्य गॉथिक इमारत बघून मी भारावलो होतो. मग कळलं, तिचं बांधकाम १८८७ साली सुरू झालं, तेव्हा आपलं बोरीबंदरचं स्टेशन जवळपास बांधून होत आलं होतं. मला फसवलं गेल्यासारखं वाटलं नाही. म्हातारपणी दात बसवून घेतलेल्या माणसाला आपण खोटा म्हणत नाही.

त्याच चौकात घंटामनोरा आहे. उंची ८३ मीटर, पायऱ्या ३६६. मुलगा चढून आला, मी खाली थांबलो. मनोऱ्यात ४७ घंटा आहेत. तासाचे सूर यंत्राने वाजतात. एक प्रचंड पोकळ पिंप फिरतं, त्यावर खुंट्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक खुंटी तार ओढून आपापल्या घंटेवर हातोडा पाडते. कीर्तनात टाळ कुठे पडावा हे जसं ठरलेलं असतं, तसं. मैफलीच्या वेळी मात्र वादक स्वतः वर बसतो आणि लाकडी दांडे मुठीने ठोकून वाजवतो. रविवारी सकाळी अकराला आम्ही बाकावर बसून ते ऐकलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण वादक दिसतच नव्हता.

मनोऱ्यासमोर दोन पुतळे आहेत, एक विणकर आणि एक खाटीक. १८ मे १३०२ च्या पहाटे ब्रूजच्या लोकांनी शहरात तळ दिलेल्या फ्रेंच शिपायांची कत्तल केली. अंधारात आपला कोण, परका कोण हे ओळखायचं कसं? असं सांगतात, की दोन फ्लेमिश शब्द म्हणायला लावत, 'ढाल' आणि 'मित्र'. ज्याला उच्चार जमला नाही तो गेला. पुतळ्याखाली मुलगा हे वाचून दाखवत होता आणि मला हसू येईना. आयुष्यभर मला एक कौतुक ऐकावं लागलं आहे: 'तुम्ही मराठी किती छान बोलता हो!' बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण चौथीत पाढे म्हणताना गुरुजींनी पाठ थोपटावी तशी ती थाप पन्नाशीतही पडते. शब्दाची परीक्षा घेणाऱ्या चौकात मी थोडा वेळ गप्प उभा राहिलो.

खाण्याबद्दल एक उपयोगाची सूचना. चौकातल्या हिरव्या टपऱ्यांवर बटाट्याच्या जाड फोडी तळून देतात. एकदा मंद आचेवर, मग निवू देऊन पुन्हा कडक आचेवर, म्हणून त्या बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ होतात. पण तिकडची जुनी पद्धत बैलाच्या चरबीत तळण्याची. आमच्यासारख्यांनी आणि शाकाहारी मंडळींनीही आधी विचारावं. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही आहेत. चॉकलेटच्या पोटात दारू असू शकते, तेही विचारावं. बिअरशी माझा संबंध नाही, पण एक गोष्ट आवडली. शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या भट्टीने २०१६ मध्ये रस्त्यांखालून तीनेक किलोमीटरचा नळ टाकला आणि बिअर थेट बाहेरच्या बाटल्या भरण्याच्या कारखान्यात सोडली. दगडी गल्ल्यांतून टँकर जाऊ नयेत म्हणून. आमच्या गावात पाण्याचा नळ यायला किती वर्षं लागली हे बायकोने मला तिथं आठवण करून दिलं.

लेसच्या केंद्रात एक वृद्ध बाई उशीवर टाचण्या टोचून, पन्नासएक लाकडी रिळं एकमेकांवरून टाकत विणत होत्या. बोटांकडे पाहतच नव्हत्या. दुकानांत टांगलेली बरीचशी लेस यंत्राची असते. हाताच्या लेसचं बोटभर काम व्हायला तास लागतात. एकोणिसाव्या शतकात इथल्या गरीब घरांतल्या हजारो बायका-मुली या कामावर पोट भरत आणि पैसा व्यापारी मिळवत. माझी आई क्रोशाच्या टोप्या विणायची. मजुरी डझनावर. एक टोपी जरी सैल निघाली तरी डझनाचा भाव पडायचा. त्या बाईंचा फोटो घ्यायला मुलाने मोबाइल काढला, मी नको म्हटलं. का, ते त्याला सांगता आलं नाही.

दिवसाचे प्रवासी संध्याकाळी गाड्या पकडून निघून जातात. म्हणून ब्रूजला रात्री राहावं. आम्ही बेगीनांच्या वाड्याजवळ उतरलो होतो. १२४५ साली वसवलेली ही वसाहत. हिरवळ, उंच झाडं, भोवती पांढरी घरं. बेगीन म्हणजे देवाधर्मात राहणाऱ्या, पण जोगिणी नसलेल्या बायका. व्रत कायमचं नाही, मालमत्ता स्वतःची ठेवता येई, लग्न करायचं तर बाहेर पडता येई. लोकर धुऊन, विणून, मुलींना शिकवून त्या पोट भरत. जगातली शेवटची बेगीन मानली जाणारी मार्सेला पाटिन ही २०१३ साली कोर्टरेक गावी वारली. ब्रूजच्या वाड्यात १९२७ पासून बेनेडिक्ट पंथाच्या जोगिणी आहेत. दरवाजावर एक फ्रेंच शब्द कोरलेला आहे, त्याचा अर्थ 'अभय'. बायको बराच वेळ त्या दाराखाली उभी होती. म्हणाली, 'तुमच्या आईला अशी जागा मिळाली असती तर?' आई सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली आणि पुढची चाळीस वर्षं दिरांच्या घरात राहिली.

रविवारी दुपारी आम्ही डामेला चालत गेलो. सातेक किलोमीटर, सरळ कालव्याच्या काठाने, वाऱ्याने एकाच बाजूला कललेल्या पॉपलरच्या रांगेतून. हा कालवा नेपोलियनच्या हुकमाने खणायला घेतलेला, खणणारे स्पेनचे युद्धकैदी. डामे आता छोटं खेडं आहे. बऱ्याच घरांत जुन्या पुस्तकांची दुकानं. नगरभवनासमोर एका कवीचा पुतळा आहे, याकोब फान मार्लांट. तेराव्या शतकातला. लॅटिन आणि फ्रेंच या मोठ्यांच्या भाषा असताना त्याने इतिहास, निसर्ग, बायबलच्या कथा फ्लेमिश लोकांच्या बोलीत पद्यात आणल्या. १२७१ मध्ये त्याचं पद्य बायबल पुरं झालं. ज्ञानेश्वरी १२९०ची. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, पण साधारण त्याच वर्षांत दोघंही एकच काम करत होते.

मुलगा पुस्तकांच्या दुकानात शिरला. आम्ही दोघं पुतळ्यासमोरच्या बाकावर बसलो. बायकोने विचारलं, 'बंदर कुठे होतं?' मी हाताने दाखवलं. तिकडे शेत होतं आणि शेतात गाई. तिने दोनदा खोल श्वास घेतला आणि म्हणाली, 'खाडीचा वास नाही येत.'