कचेरीपूर्वीचा कारभार

कडकनाथाच्या संकरातून सिद्ध झालेली ‘नर्मदानिधी’ ही कोंबडी जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यक विद्यापीठाची पैदास होय. अशा कोंबडीचे अंडे उबवणी यंत्रात ठेवल्यापासून सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरले, तर तांबड्या शिरांच्या जाळ्यात भ्रूणाचा डोळा काळ्या ठिपक्याच्या रूपाने स्पष्ट दिसतो. आणि गर्भविज्ञानातील एक मोठे नवल त्या डोळ्यातच दडलेले आहे.

मेंदूच्या तळाशी असणारी, प्रौढ माणसात जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पीयूषिका ग्रंथी वृद्धिसंप्रेरक निर्माण करते, हे आपण शालेय पुस्तकापासून वाचत आलो. कोंबडीच्या पिलाचा गर्भवास २१ दिवसांचा असून, त्याच्या पीयूषिकेत हे संप्रेरक करणाऱ्या पेशी दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस कोठे नजरेस येऊ लागतात; तथापि कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात स्टीव्ह हार्वे, एस्मंड सँडर्स आणि त्यांचे सहकारी यांना पहिल्या आठवड्यातच दृष्टिपटलाच्या पेशींत ते आढळले, आणि प्रतिपिंड घालून त्याचा प्रभाव नष्ट करताच त्या पेशी अधिक संख्येने मरू लागल्या. एडिंबरा येथे वॉडिंग्टन यांच्या हाताखाली शिकून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या भ्रूणावरील ज्या प्रयोगांची परंपरा रुजविली, तिच्याशी परिचित वाचकांस या कोवळ्या जीवाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

हुजूर कचेरी उभी राहण्यापूर्वीही गावचा पाटील आपल्या शिवाराचा बंदोबस्त पाहतच असे. तद्वत् संप्रेरकाची जनुकीय सनद प्रत्येक पेशीजवळ असल्यामुळे, रक्ताच्या वाटेने दूरवर हुकूम पाठविणारी ग्रंथी सिद्ध होण्याआधी ऊतके आपल्या गरजेपुरते संप्रेरक स्वतःच करून शेजारच्या पेशींना पुरवितात.

मानवी गर्भाचा वृत्तांत याहूनही उद्बोधक आहे. बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांना १९२७च्या सुमारास गर्भवतीच्या लघवीत जे द्रव्य सापडले, ते पीयूषिकेचेच असावे असा त्यांचा समज होता. परंतु १९३८ साली जॉर्जियाना सीगर यांनी काचपात्रात वाढविलेल्या वारेच्या पेशी ते स्वतः तयार करतात हे दाखवून दिले. हेच ते एचसीजी, ज्यावर घरोघरीची गर्भचाचणी आधारलेली आहे. त्याची घडण पीयूषिकेच्या एलएच या संप्रेरकाशी इतकी मिळतीजुळती, की दोन्ही एकाच ग्राहीवर कार्य करतात. म्हणूनच गर्भाची स्वतःची पीयूषिका कामाला लागण्यापूर्वी मुलाच्या वृषणांना टेस्टोस्टेरॉन करावयास लावण्याचे कार्य वारेचे एचसीजी पार पाडते. गर्भाशयाचे अस्तरही प्रोलॅक्टिन हे पीयूषिकेचे संप्रेरक करते. आणि सतराव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी असलेल्या पाच जनुकांपैकी एक पीयूषिकेतील वृद्धिसंप्रेरकाचे, तर दुसरे वारेतील वृद्धिसंप्रेरकाचे आहे.

या ज्ञानाचे मोल प्रसूतिगृहात प्रत्ययास येते. ज्या बालकाची पीयूषिका जन्मतःच अपुरी असते, त्याची लांबी-वजन बहुधा नेहमीसारखेच भरते, कारण गर्भातील वाढ मुख्यत्वे त्याच्या पीयूषिकेच्या वृद्धिसंप्रेरकावर अवलंबून नसते. मुलगा असल्यास त्याचे शिश्न घडणीने यथास्थित, मात्र आकाराने फार लहान असू शकते. कारण घडण वारेच्या अमदानीत होते, आणि पुढील वाढीस त्याच्या स्वतःच्या एलएचची गरज लागते. अशा मुलाच्या रक्तातील साखर वरचेवर उतरू लागली, की जाणत्या वैद्याने पीयूषिकेची तपासणी विनाविलंब करावी. कारण वार सुटताच तिचा आधार संपतो, आणि उणी पडलेली संप्रेरके वेळीच औषधरूपाने मिळाली तर ते मूल वाचते आणि वाढते.