हॉर्सशू कर्व्ह: १९५० च्या दशकातील रूप

पेनसिल्व्हेनियातील अल्टूना शहराच्या पश्चिमेस १८५४ मध्ये खुले झालेले हॉर्सशू कर्व्ह, म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराचे घाटवळण, ट्रेन सिम्युलेटरमध्ये (संगणकावर गाडी चालवण्याचा अनुभव देणाऱ्या प्रणालीत) उभारताना आजची उपग्रहचित्रे दिशाभूल करतात. कारण पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या काळात तेथे चार मार्ग होते, त्यांपैकी एक १९८१ मध्ये उखडला गेला. म्हणून रचनाकाराला चढउतार, वळणे व पूल यांची मैलागणिक नोंद असलेले जुने आलेख आणि कर्मचाऱ्यांसाठी छापलेली वेळापत्रके धुंडाळावी लागतात. शंभर मीटरला सुमारे १.८ मीटर इतक्या चढावर अवजड मालगाड्यांना जादा इंजिने, म्हणजे बोरघाटात ज्यांना बँकर म्हणतात ती, जोडली जात. ती वाफेची की डिझेलची हे निवडलेल्या सालावर ठरते, कारण या कंपनीची वाफेची नियमित सेवा १९५७ मध्ये संपली. खरी कसोटी सिग्नलांची असते. येथील सिग्नल मुख्यतः रंगांवर नव्हे, तर पिवळसर दिव्यांच्या ओळीच्या कलावर चालत: उभी ओळ म्हणजे मार्ग मोकळा, तिरपी म्हणजे सावधान, आडवी म्हणजे थांबा. तेथे लाल-हिरव्या सिग्नलांचा तयार संच बसवणे सोयीचे खरे, पण अक्षम्यच. ध्वनीचाही हिशेब असतो: त्या काळी प्रचलित असलेल्या ३९ फुटी रुळांच्या सांध्यांवरून ताशी ६० मैल वेगाने जाणाऱ्या चाकाचे सेकंदाला दोनांहून थोडे अधिक खटके ऐकू यायला हवेत.