खास अधिकाराची नोंद

दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. गाडीसाठी लावलेला मार्ग निकडीच्या वेळी रद्द करायचा, तर सिग्नलच्या पॅनेलवर त्यासाठी वेगळे बटण असते. ते वापरले, की गणकाचा आकडा एकाने वाढतो. स्टेशनमास्तर तो कारणासह नोंदवहीत लिहितात.

आता समजा, शिरूरच्या एखाद्या शाळेत लिनक्स प्रणालीचा संगणक आहे. त्यात ‘सुडो’ या आज्ञेने साध्या वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळू शकतात. या आज्ञेवर नोंदीचा नियम लावला, की ती कोणी व केव्हा वापरली हे टिपले जाते. सर्वाधिकार मिळाले, तरी प्रवेश करतानाचा मूळ क्रमांक नोंदीत तोच राहतो.

पण सर्वाधिकारी नोंदच पुसू शकेल! म्हणून तिची प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवतात. नोंद चूक थांबवत नाही. ती कोणाची, हे मात्र सांगते.