समुद्रकाठची सहल आणि तंबूतला न दिसणारा वायू

ज्यांच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे, किंवा जे थंडीत खोलीत शेगडी ठेवतात, त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा. प्रसंग घडला तो मात्र फार दूर, ब्रिटनमधील वेल्सच्या समुद्रकिनारी.

नोकरीनिमित्त आम्ही दोघे ब्रिटनमध्ये राहतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी कॅम्परव्हॅन घेतली. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरची छोटी खोलीच. मागे झोपायची फळी, दोन बर्नरचा गॅस, लहानसा फ्रीज आणि पाण्याची टाकी. अशा गाड्या असणाऱ्यांचा आमच्या भागात एक गट आहे. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी इथे सार्वजनिक सुट्टी असते. ती साधून गटाने गावर द्वीपकल्पावर तीन दिवसांचा मुक्काम ठरवला. सहा गाड्या, तेरा माणसे आणि सात कुत्री. आमचा मोतीही त्यांत होता. नागपूरहून आलेल्या आईही सोबत होत्या. त्यांचे वय बाहत्तर.

गावर हा स्वान्सी शहराच्या पश्चिमेला समुद्रात शिरलेला भूभाग आहे. 1956 मध्ये ब्रिटनमध्ये निसर्गसौंदर्यासाठी राखलेला पहिला प्रदेश तो हाच. त्याच्या टोकाला रोसिलीची सुमारे पाच किलोमीटर लांबीची वाळू पसरली आहे. वेल्समधील अनेक किनाऱ्यांवर 1 मे ते 30 सप्टेंबर कुत्र्यांना बंदी असते. रोसिलीला ती नाही, म्हणून गटाने हीच जागा निवडली.

कुत्री घेऊन फिरायचे म्हणजे काही नियम पाळावे लागतात, ते गटातल्या जुन्या मंडळींकडून आम्ही शिकलो. टेकडीवर मेंढ्या चरत असतात, तिथे कुत्रा साखळीनेच न्यायचा. ऊन असेल तर त्याला गाडीत एकटे ठेवायचे नाही. बाहेर 22 अंश तापमान असले तरी बंद गाडीत ते तासाभरात 47 अंशांपर्यंत चढू शकते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो, त्यामुळे तापलेल्या गाडीत तो फार लवकर दगावतो. किनाऱ्याजवळचे वर्म्स हेड हे बेट पाहायचे तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी वाचायचे. पूर्ण ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास एवढाच वेळ खडकांची वाट उघडी असते. नंतर ती पाण्याखाली जाते.

नेचाच्या झुडपांतून फिरून आले की कुत्र्याचे कान, मान, काखा चाचपायच्या, कारण तिथे गोचिडी असतात. माणसांनीही पोटऱ्या, गुडघ्यांमागची जागा आणि कंबर तपासायची. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर, सावकाश ओढायची. तेल, काडीपेटी असले उपाय करायचे नाहीत. इथल्या गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो. चावल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कातडीवर पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टर गाठायचा. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील वाचकांना गोचिडीचे भय वेगळे सांगायला नको. तिकडचा माकडतापही गोचिडीमुळेच पसरतो.

एवढी सगळी काळजी आम्ही घेतली. चूक झाली ती मुक्कामाच्या जागी, आमच्याच हातून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी कोळशावर मासे आणि मक्याची कणसे भाजली. इथे कोळसा भरलेली पत्र्याची तयार शेगडी मिळते, एकदा वापरून टाकायची. आठच्या सुमारास वारा सुटला आणि पावसाचे थेंब पडू लागले. जो तो आपापल्या गाडीत गेला. आमच्या गाडीच्या दाराला जोडून एक कापडी तंबू होता. त्यात खुर्च्या टाकून आम्ही बसलो. आई शालीत गुरफटून म्हणाल्या, "अरे, ती शेगडी आत घ्या ना. थंडीनं हाडं गोठली माझी." कोळशावर राख धरली होती. ना ज्वाळ, ना धूर. आम्ही शेगडी आत आणून दगडावर ठेवली, वारा येतो म्हणून तंबूच्या तिन्ही चेन ओढल्या आणि गप्पा मारत बसलो. गाडीचे दार उघडेच होते.

अर्ध्या तासाने आईंचे डोके दुखू लागले. दिवसभर वाऱ्यात फिरल्यामुळे असेल, असे वाटले. त्यांना आत पलंगावर झोपवले. मग आम्हा दोघांनाही मळमळू लागले. मासे बाधले की काय, अशी शंका आली. मोती एकदा उलटी करून तंबूच्या कडेला जाऊन निपचित पडला. तरी शेगडीचा विचार एकदाही मनात आला नाही. साडेनऊच्या सुमारास गाडीतला भोंगा कर्कश वाजू लागला. "अहो, गॅस लावताना कधीकधी वाजतो तोच ना हा?" असे बोलून तो बंद करायला आम्ही हातही लावला होता.

तेवढ्यात शेजारच्या गाडीतल्या निवृत्त परिचारिका धावत आल्या. त्यांनी तंबूच्या चेन उघडल्या आणि आधी सगळ्यांना बाहेर काढले. आईंना दोघांनी धरून आणावे लागले. त्यांचे पाय लटपटत होते आणि आपण कुठे आहोत हे त्यांना नीट उमगत नव्हते. शेजारीणबाईंनी 999 वर फोन करून रुग्णवाहिका मागवली. रुग्णालयात रक्ताची तपासणी झाली. कार्बन मोनॉक्साइडची बाधा. आईंना तोंडावर मास्क लावून रात्रभर प्राणवायू दिला. सकाळी त्यांनी चहा मागितला, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. मोतीही मोकळ्या हवेत तासा-दोन तासांत उठून उभा राहिला होता.

हा वायू शरीरात काय करतो?

कोळसा, लाकूड, गॅस, पेट्रोल अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास त्यात मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूला तशी काहीच खूण नाही. ज्वाळ विझून राख धरलेला कोळसाही कितीतरी वेळ हा वायू सोडत राहतो.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. त्याला प्राणवायूपेक्षा हा वायू 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग हृदयाला आणि मेंदूला प्राणवायू पुरत नाही. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण दीड तास. म्हणूनच "बाहेर आलो, आता बरे वाटते" म्हणून घरी झोपून राहू नये. म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि हृदयरोगी यांना धोका अधिक. काहींना काही आठवड्यांनंतर विसरणे, चिडचिड, तोल जाणे असे त्रास सुरू होतात. तसे झाले तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

करोनाच्या काळापासून अनेकांच्या घरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे. आमच्याकडेही होते. त्यावर आईंचा आकडा 98 आला आणि आम्ही निश्चिंत होऊ लागलो. शेजारीणबाई म्हणाल्या, या आकड्यावर विसंबू नका. हे यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूचे समजते, त्यामुळे आकडा खोटा चांगला दिसतो.

भोंगा उशिरा का वाजला, हेही समजून घेतले. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे 50 भाग असतील तर असा भोंगा तासाभरानंतर, दीड तासाच्या आत वाजतो. 100 भागांना 10 ते 40 मिनिटे लागतात. 300 भाग झाले तर तीन मिनिटांच्या आत वाजतो. शिवाय आमचा भोंगा गाडीत आणि शेगडी तंबूत होती. म्हणजे तो वाजला तेव्हा बाहेर पडण्याची वेळ आधीच झालेली होती.

आपल्या घरी काय?

आईंचे बरोबरच होते. त्यांच्या लहानपणी थंडीत घरात शेगडी असायचीच आणि कुणाला काही झाल्याचे त्यांना आठवत नव्हते. पण ते घर कवेलूचे होते. छपरातून, दाराच्या फटींतून हवा खेळत होती. आजचा तंबू पाणी आत येऊ देत नाही, तशी हवाही फारशी येऊ देत नाही. आजची स्लॅबची घरेही तशीच, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि घट्ट दारे. सवय जुनी राहिली आणि घर बदलले. लहानशा बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे आपल्याकडे माणसे दगावतात, ती याच वायूने.

लक्षात ठेवा

1. कोळशाची शेगडी तंबूत, गाडीत वा बंद खोलीत आणू नका. विझल्यासारखी दिसली तरीही नाही. एक खिडकी किलकिली ठेवणे पुरेसे नाही.

2. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. ते होईपर्यंत बादली भरा, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडी ठेवून हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा.

3. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळून जाणे, पण ताप नाही. एकाच घरात अनेकांना एकाच वेळी त्रास. बाहेर गेले की बरे वाटणे: यांपैकी काहीही दिसले तर आधी या वायूची शंका घ्या.

4. सगळे बाहेर पडा, मग फोन करा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108. डॉक्टरांना शेगडी किंवा गिझरबद्दल आवर्जून सांगा, म्हणजे योग्य रक्ततपासणी होईल.

5. भोंगा असेल तर प्रत्येक सहलीआधी बटण दाबून तपासा. वाजला की बंद करत बसू नका, बाहेर पडा. घरातला कुत्रा आपल्याला सावध करील, या भरवशावरही राहू नका. आमचा मोती आमच्याआधी आडवा झाला, तरी आम्हाला कळले नाही.

आई पुढच्या महिन्यात नागपूरला परतल्या. गेल्या गेल्या त्यांनी पहिले काम केले ते न्हाणीघरातला गिझर बाहेरच्या भिंतीवर लावून घेण्याचे. आता शेजारच्या दोन घरांनाही त्यांनी ते करायला लावले आहे.