वायर निघाली आणि ताल गेला

आमच्या बँकेच्या शाखेत लेजर पोस्टिंगचं यंत्र आलं, तेव्हा आयुष्य खतावण्यांत घालवलेले आम्ही कारकून त्याच्याकडे सवतीकडे पाहावं तसे पाहत होतो. त्याच दशकात इंग्लंडमधल्या एका ड्रमवादकाने मात्र अशी सवत आपण होऊन घरात आणली होती. त्याचं नाव स्टीफन मॉरिस.

मँचेस्टरजवळच्या मॅकल्सफील्डमध्ये १९५७ साली तो जन्मला. १९७७मध्ये एका जाहिरातीला उत्तर देऊन तो ज्या नवख्या बँडमध्ये शिरला, तोच पुढे ‘जॉय डिव्हिजन’ झाला. गायक इयन कर्टिस हाही मॅकल्सफील्डचाच. रोजगार कार्यालयातली सरकारी नोकरी सांभाळून गाणारा. १९७९च्या पहिल्या अल्बमच्या वेळी निर्माता मार्टिन हॅनेटने मॉरिसला एकेक ड्रम सुटा वाजवायला लावला. म्हणजे सुगरणीला फोडणी आज आणि भाजी उद्या करायला सांगण्यासारखंच! एका गाण्यासाठी तर कोंडलेल्या खोलीत फवाऱ्याचा डबा तालात फुसफुसवायचा होता. त्या वाफेने बिचाऱ्याचा जीव घुसमटला. पण तो काटेकोर, यंत्रासारखा ताल ऐकणाऱ्याच्या मनातून जात नाही.

कर्टिसला अपस्माराचा त्रास होता. झटके कधी रंगमंचावरही येत. १८ मे १९८० रोजी, बँड पहिल्या अमेरिका दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, त्याने आत्महत्या केली. वय अवघं तेवीस. मागे राहिलेल्या तिघांनी जुनं नाव टाकून दिलं आणि ‘न्यू ऑर्डर’ या नव्या नावाने सुरुवात केली. मॉरिसची मैत्रीण गिलियन गिल्बर्ट त्यांच्यात कीबोर्ड वाजवू लागली. १९९४मध्ये दोघांनी लग्न केलं.

१९८३मध्ये त्यांचं ‘ब्लू मंडे’ आलं. साडेसात मिनिटांचं, आणि ताल ड्रमयंत्राचा. तो बसवताना मॉरिसचा पाय वायरला लागला, ती भिंतीतून निघाली आणि सगळी मेहनत पुसली गेली, अशी आठवण सोबती पीटर हूकने सांगितली आहे. पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव! यंत्राला आठवण नसते, हे आम्हीही शाखेत वीज गेल्यावर शिकलो होतो. बारा इंची सिंगल्समध्ये याच्याइतकी विक्री दुसऱ्या कुठल्याच तबकडीची झाली नाही.

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. फ्लॉपी डिस्कसारखं, भोकं पाडलेलं ते वेष्टन इतकं महाग होतं, की सुरुवातीला तबकडी जितकी खपेल तितका तोटा, असं सांगतात. त्यात ‘फॅक्टरी’ या रेकॉर्ड कंपनीने आणि बँडने मिळून १९८२मध्ये मँचेस्टरला ‘हॅसिएंडा’ हा क्लब काढला. नाचणाऱ्यांची झुंबड उडे. पण पुढे नशेच्या गोळ्या आल्या आणि बारवर कुणी फिरकेना. गर्दी तुडुंब, गल्ला रिकामा! असा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो हसत परत केला असता. तूट बँडच्या कमाईतून भरून निघत राहिली. १९९२मध्ये कंपनी बुडाली, १९९७मध्ये क्लबही बंद झाला. त्याच क्लबने इंग्लंडच्या तरुण पिढीला रात्रभर नाचायला शिकवलं, हे मात्र ताळेबंदात कुठे मांडायचं?

२००१मध्ये गिलियन घरच्या जबाबदारीसाठी बँडमधून बाहेर पडली. हूक २००७मध्ये वेगळा झाला. २०११मध्ये बँड पुन्हा उभा राहिला, तेव्हा गिलियन कीबोर्डवर परतली होती आणि यंत्रं भोवती मांडून मॉरिस ड्रम वाजवत होता, दोन्ही हातांनी.