कचेरी, क्रिकेट आणि पॉन्सन्बीसाहेब

सरकारी नोकरीत शिरलेला माणूस फायली आणि पेन्शन यांच्या दरम्यान कुठेतरी हरवतो, अशी आपली एक समजूत आहे. ती अगदीच खोटी आहे असे नाही! पण सर स्पेन्सर पॉन्सन्बी-फेन यांचे चरित्र वाचले की तिला थोडा धक्का बसतो.

त्यांचा जन्म १८२४ चा. वडील पुढे बेसबरोचे अर्ल झाले. पण हे पडले सहावे चिरंजीव! घराण्याची गादी लांबच. तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयात, १८४० साली, त्यांनी परराष्ट्र खात्याची नोकरी धरली. पामर्स्टनसारख्या मंत्र्यांचे ते खाजगी चिटणीस झाले. १८५६ मध्ये क्रिमियाचे युद्ध संपविणारा तह पॅरिसहून लंडनला आणला, तो यांनीच.

जीव मात्र मैदानावर! १८४५ च्या जुलैत हॅरो शाळेविरुद्धचा सामना आटोपून मंडळी जेवायला बसली आणि पंगतीतच एक क्लब जन्मला. नाव ‘इ झिंगारी’, म्हणजे इटालियनमध्ये भटके. मैदान स्वतःचे नाही. जिथे सामना तिथे बिऱ्हाड. प्रवेश फी शून्य, आणि वार्षिक वर्गणी प्रवेश फीहून अधिक नसावी, असा मिस्किल नियम!

दुसरे वेड नाटकाचे. कँटरबरीच्या क्रिकेट सप्ताहात दिवसा सामने आणि रात्री हौशी मंडळींची नाटके होत. त्यांत हेही असत. आणि योग पाहा! १८५७ मध्ये त्यांची लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत बड्या हुद्द्यावर नेमणूक झाली. नाटकांना परवाने देणारी कचेरी तीच! तोंडाला रंग लावणारा गृहस्थच परवान्याच्या टेबलामागे जाऊन बसला. तिथे त्यांनी १९०१ पर्यंत काम केले.

हे सारे साधले ते घरच्या सुबत्तेमुळे, हेही विसरून चालणार नाही. पोटासाठी खेळणाऱ्यांना ही चैन नव्हती. हौशी आणि धंदेवाईक हा इंग्लिश क्रिकेटमधला भेद मिटायला १९६२ साल उजाडावे लागले.

तरीही एक गोष्ट मनाला भावते. एम.सी.सी.चे अध्यक्षपद त्यांनी अनेकदा नाकारले. खजिनदारी मात्र १८७९ पासून १९१५ मध्ये डोळे मिटेपर्यंत सांभाळली. लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनची कोनशिला १८८९ मध्ये त्यांच्याच हातून बसली. क्रिकेटची जुनी चित्रे त्यांनी हौसेने गोळा करविली. तिथल्या संग्रहालयाचे मूळ त्यातच आहे.

अध्यक्ष आले नि गेले. त्यांची नावे आज किती जणांना आठवतात? हिशेबाची वही सांभाळणाऱ्याने जमविलेली चित्रे मात्र अजून भिंतीवर आहेत!